भटक्यांचे गाणे आणि आपण

(मिहान परिसरातील खापरी येथे कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



आजच्या बैठकीच्या निमंत्रणात माझ्या भाषणाचा विषय 'रोमा कविता आणि संगीत' असा दिलेला आहे. तो वाचून आपल्या एका जुन्या कार्यकर्त्याने मला दारातच गाठले आणि विचारले, "इथे मोबदल्याचे प्रश्न आहेत, कंत्राटी कामगारांचे प्रश्न आहेत, आणि तुम्ही आम्हांला युरोपातल्या जिप्सींची गाणी ऐकवणार?" प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर मी टाळणार नाही, किंबहुना त्याच प्रश्नापासून सुरुवात करतो.

आपण बसलो आहोत ती जागा कोणती? 'मल्टिमोडल इंटरनॅशनल कार्गो हब अँड एअरपोर्ट अ‍ॅट नागपूर' या लांबलचक इंग्रजी नावाची आद्याक्षरे घेऊन 'मिहान' हा शब्द तयार झाला. कानाला तो एखाद्या जुन्या गावाच्या नावासारखा लागतो, आणि त्याखाली खरोखरीच जुनी गावे गेली आहेत. शिवणगाव, तेल्हारा, कलकुही, दहेगाव आणि ही खापरी. २००२ साली त्यासाठी सरकारी कंपनी स्थापन झाली, चार हजार हेक्टरांहून अधिक क्षेत्र आखले गेले. कल्पना अशी की, नागपूर देशाच्या मध्यभागी आहे, तेव्हा चारी दिशांचा माल इथे यावा आणि इथून चारी दिशांना जावा. ही कल्पना ज्यांना सुचली त्यांना ती नवी वाटली असेल. पण दख्खनच्या पठारावरून माल इकडून तिकडे नेण्याचा धंदा शेकडो वर्षे ज्यांच्या हाती होता त्या लोकांना आपण सगळे ओळखतो. त्यांचे नाव बंजारा. लमाण हे त्यांचे दुसरे नाव. 'लवण' म्हणजे मीठ, ते वाहणारे म्हणून लमाण, अशी त्याची व्युत्पत्ती सांगतात. समुद्रकाठचे मीठ आत आणायचे, वऱ्हाडचे धान्य आणि कापूस बाहेर न्यायचा, हजारो बैलांच्या पाठीवर. मोगलांच्या फौजांना रसद त्यांनी पुरवली. १८०३ साली वेलस्लीची फौज अडगाव आणि गाविलगडला लढली, तेव्हा तिच्या धान्याची भिस्तही बंजाऱ्यांच्या बैलांवरच होती. त्या काळचे मालवाहतुकीचे केंद्र ते स्वतःच होते आणि ते केंद्र पायांनी चालत असे.

१८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोहोचली. मिठावर सरकारचा मक्ता होताच; पुढे जंगलाचे कायदे आले आणि बैलांची चराई गुन्हा ठरू लागली. धंदा गेलेला, रान बंद झालेले, गावात जमीन नाही, अशा अवस्थेत सापडलेल्या माणसांचे काय करायचे याचे उत्तर इंग्रज सरकारने १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने दिले. व्यापारी बंजारा, शिकारी पारधी आणि टोपल्या विणणारा कैकाडी, या सर्वांना आधी बेकार करायचे आणि मग त्यांच्या बेकारीलाच जन्मजात गुन्हेगारी म्हणायचे, असा हा सरळ व्यवहार होता. स्वातंत्र्य आल्यावरही पाच वर्षे तो कायदा जिवंत राहिला. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो रद्द झाला, आणि त्याच्या जागी सराईत गुन्हेगारांचे कायदे येऊन बसले. फौजदाराच्या नजरेत फारसा फरक पडला नाही.

आज या मालवाहतुकीच्या केंद्रात जे लोक पाट्या वाहतात, सेंट्रिंग करतात, रस्त्याची खडी फोडतात, त्यांच्यात तांड्यांवरून आलेली माणसे किती आहेत ते आपण स्वतः पाहता. त्यांच्या संध्याकाळच्या पालांतून जे गाणे ऐकू येते त्याविषयी मला बोलायचे आहे. रोमा लोकांकडे मी जातो आहे तो त्या गाण्याकडे परत येण्यासाठीच.

रोमा म्हणजे ज्यांना युरोपने जिप्सी म्हटले ते. सुमारे हजार वर्षांपूर्वी त्यांचे पूर्वज हिंदुस्थानातून पश्चिमेकडे गेले. याविषयी भाषाशास्त्रज्ञांत आता वाद उरलेला नाही, कारण पुरावा त्यांच्या तोंडातच आहे. त्यांच्या भाषेत माणसाला 'मनुश' म्हणतात, पाण्याला 'पानी', भुकेला 'बोख', मिठाला 'लोन', नाकाला 'नाक' आणि कानाला 'कान'. एक, दोन, तीन यांना 'येक', 'दुइ', 'त्रिन'. सूर्याला ते 'खाम' म्हणतात. आपला 'घाम' हा शब्द आणि त्यांचा 'खाम' हे एकाच संस्कृत 'घर्म' शब्दापासून निघाले. आपल्याकडे त्या शब्दातली उष्णता कष्टकऱ्याच्या अंगावर उतरली, त्यांच्याकडे ती आभाळात राहिली. पण सात, आठ, नऊ हे आकडे त्यांनी ग्रीकांकडून घेतले. आणि ज्या एका शब्दावाचून त्यांचे चालत नाही तो 'रस्ता', म्हणजे 'द्रोम', तोही ग्रीकच. घरातून निघताना माणूस पाणी, मीठ आणि भूक बरोबर घेतो. रस्ता मात्र रस्त्यावरच सापडतो.

येथे एक सावधगिरी सांगून ठेवतो. रोमा म्हणजे आपले बंजारेच, असे उत्साहाने सांगणारे अनेक आहेत. इंग्रज अधिकाऱ्यांनीही बंजाऱ्यांना 'हिंदुस्थानचे जिप्सी' म्हटले होते. भाषेच्या अभ्यासाने ही थेट वंशावळ सिद्ध होत नाही, आणि ती सिद्ध होण्याची आपल्याला गरजही नाही. रक्ताचे नाते काढले की कर्तव्य संपले असे मानण्याची आपल्या राज्यकर्त्यांना सवय आहे. १९८३ साली चंडीगढला रोमा महोत्सव झाला, त्याला इंदिरा गांधी उपस्थित राहिल्या. २०१६ साली दिल्लीत आंतरराष्ट्रीय रोमा परिषद भरली आणि परराष्ट्रमंत्री सुषमा स्वराज यांनी रोमांना भारताची लेकरे म्हणून जवळ घेतले. दोन सरकारे, दोन पक्ष, पण भावना एकच. हजार वर्षांपूर्वी घर सोडून गेलेल्या लेकरांबद्दल एवढा उमाळा, आणि घरातच राहिलेल्या पारध्याच्या पोराला जातीचा दाखला मिळत नाही! नाते पाहायचेच असेल तर रक्तात पाहू नका, कायद्यात पाहा. नाझींनी रोमांची कत्तल केली. मृतांचे अंदाज दोन लाखांपासून पाच लाखांपर्यंत आहेत. ऑशविट्झच्या छावणीत २ ऑगस्ट १९४४ च्या एका रात्रीत चार हजारांहून अधिक रोमा विषारी वायूने मारले गेले. युद्धानंतर वाचलेल्यांनी भरपाई मागितली, तेव्हा पश्चिम जर्मनीच्या सर्वोच्च न्यायालयाने १९५६ साली निकाल दिला की, १९४३ पूर्वीची कारवाई वंशद्वेषाची नव्हती, ती या लोकांच्या समाजविघातक वृत्तीविरुद्ध होती. ही भाषा आपल्या कानाला ओळखीची नाही काय? आपला १८७१ चा कायदा ज्या शाईने लिहिला त्याच शाईने हा निकाल लिहिलेला आहे. जर्मन सरकारने तो वंशसंहार होता हे मान्य केले ते १९८२ साली.

आता कवितेकडे येतो. पोलंडमध्ये ब्रोनिस्लावा वाइस नावाची एक रोमा कवयित्री होऊन गेली. तिचे लोक तिला 'पापुशा' म्हणत, म्हणजे बाहुली. तिचा नवरा हार्प वाजवीत असे. हे वाद्य माणसापेक्षा उंच, आणि त्यांच्या काफिल्याच्या गाड्यांवर ही मोठमोठी वाद्ये उभी बांधलेली असत. लिहिणे-वाचणे तिच्या समाजात मुलीला वर्ज्य. तिने ते चोरून शिकून घेतले. एका दुकानदारीण बाईला कोंबड्या नेऊन द्यायच्या आणि अक्षरे शिकायची. त्या कोंबड्या कुठून येत हे विचारू नका. शिक्षणाचा हक्क ज्याला नाकारला तो फी अशीच भरतो. युद्धाच्या काळात वोलिनच्या जंगलात ती आणि तिचे लोक जर्मनांपासून लपून राहिले. त्या दिवसांवर तिने दीर्घ कविता रचली.

१९४९ साली येझी फित्सोव्स्की नावाचा एक तरुण पोलिश कवी तिच्या काफिल्यात येऊन राहिला. त्याने तिची गाणी ऐकली, ती लिहून काढायला लावली, त्यांचा पोलिश अनुवाद केला, आणि युलियान तुविम या मोठ्या कवीच्या पाठिंब्याने १९५० मध्ये ती मासिकात छापून आणली. येथवर ही कथा कुणाही पुरोगामी माणसाला सुखावणारी आहे. पण त्याच वेळी पोलंडच्या कम्युनिस्ट सरकारने भटक्यांना स्थायिक करण्याची मोहीम हाती घेतली होती; १९५२ मध्ये त्याचा रीतसर ठराव झाला आणि १९६४ पासून पोलिसी बळाने काफिल्यांचे फिरणे बंद पाडण्यात आले. फित्सोव्स्कीने सुरुवातीला या धोरणाची बाजू घेतली होती. पापुशाच्या कविता त्या प्रचाराच्या शेजारी छापल्या गेल्या. पुढे फित्सोव्स्कीच्या पुस्तकात रोमा चालीरीती आणि शब्दही आले. समाजाच्या वडीलधाऱ्यांनी ठरवले की, हिने आमची गुपिते 'गाजों'ना, म्हणजे परक्यांना विकली. त्यांच्या प्रमुखाला 'बारो शेरो' म्हणतात, मोठे शिर. त्या मोठ्या शिराने तिला वाळीत टाकले. ती मनाने खचली, काही काळ मनोरुग्णालयात होती, बरेचसे लेखन तिने जाळून टाकले असे सांगतात. त्यानंतरची तीसेक वर्षे ती बहुतांशी एकटी आणि मूक राहिली. १९८७ साली ती वारली. मागे तीस-चाळीस कविता उरल्या.

आणि १९९४ साली क्राकूफ शहरात यान कांती पावलुश्कीएविच या संगीतकाराने तिच्या कविता, तिच्याच रोमा भाषेत, एका भव्य संगीतरचनेत बांधल्या. मोठा वाद्यवृंद, समूहगान, नामांकित गायिका. नाव ठेवले 'पापुशाच्या हार्प'. पुढे २०१३ मध्ये तिच्या जीवनावर पोलिश चित्रपट आला, त्यातही हेच संगीत आहे. मी ते ध्वनिमुद्रणावर ऐकले आहे. संगीतातला मी अडाणी माणूस, पण ते ऐकताना अंगावर काटा येतो हे कबूल केले पाहिजे. ज्या भाषेला कुणी भाषा म्हणायला तयार नव्हते ती शेकडो सुशिक्षित गळ्यांतून, एक अक्षर न बदलता उमटते, ही गोष्ट लहान नाही. संगीतकाराने पोलिश अनुवाद घेतला असता तर काम सोपे झाले असते. त्याने ते केले नाही. याबद्दल त्याचा मान राखलाच पाहिजे.

तरीही माझ्या मनात एक कुसळ राहते. या रचनेपूर्वी तीनच वर्षे, १९९१ च्या जूनमध्ये, पोलंडमधल्या म्लावा गावात जमावाने रोमांची घरे फोडली आणि लुटली. घर फोडले जाते आणि गाणे सभागृहात जाते. गाणाऱ्यांत तिचे लोक किती होते? ऐकणाऱ्यांत किती? आणि तिने स्वतः, परक्यांच्या हाती गाणे दिल्याबद्दल जी तीस वर्षे शिक्षा भोगली ती, या टाळ्यांना काय म्हणाली असती? तिच्या वडीलधाऱ्यांचा मी समर्थक नाही. बाईच्या हातातली लेखणी हिसकावणारी कुठलीही जातपंचायत मला सारखीच, मग ती पोलंडची असो की आपल्या गावची. पण त्यांची भीती खोटी होती असे म्हणण्याचे धाडस मला होत नाही. गाणे छापून आले आणि मागोमाग पोलीस आले, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. आणि ते पोलीस समाजवादाचे नाव घेणाऱ्या राज्याचे होते, हे आपण, स्वतःला समाजवादी म्हणवणाऱ्यांनी, विसरू नये. भटक्याला घर देणे वेगळे आणि त्याच्या गाडीचे चाक काढून घेणे वेगळे.

याच्या उलट एक गाणे सांगतो. झार्को योवानोविच हा युगोस्लाव्हियातला रोमा वादक, छळछावण्यांतून वाचलेला. त्याने १९४९ साली जुन्या पारंपरिक चालीवर आपल्या लोकांच्या कत्तलीचे आणि वाटचालीचे शब्द बसवले. ८ एप्रिल १९७१ रोजी लंडनजवळ ऑर्पिंग्टन येथे पहिली जागतिक रोमा काँग्रेस भरली, आणि तिने ते गाणे आपले राष्ट्रगीत म्हणून स्वीकारले. देश नसलेल्या लोकांचे राष्ट्रगीत! त्याच काँग्रेसने निळ्या-हिरव्या ध्वजावर चाक घेतले, ते आपल्या अशोकचक्राची आठवण ठेवून. या गाण्याला वाद्यवृंदाची गरज पडली नाही. चाल लोकांची, शब्द त्यांच्यातल्याच एकाचे, आणि ते आपले म्हणायचे की नाही याचा निर्णय त्यांच्याच सभेचा. दोन्ही कामे संगीताचीच आहेत. पण पहिल्यात गाण्याचा सन्मान झाला, दुसऱ्यात गाणाऱ्याचा.

आपल्याकडे असे कधी झाले काय? झाले. १९४४ साली मुंबईत लाल बावटा कलापथक उभे राहिले. अण्णा भाऊ साठे लिहीत, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर त्यांच्याबरोबर गात. मांग समाजात जन्मलेला, शाळेत जवळजवळ न गेलेला माणूस शब्द देतो. बार्शीकडचा मुसलमान गिरणी कामगार त्याला गळा देतो. आणि ऐकायला माटुंग्याच्या लेबर कॅम्पातली, गिरणगावातली तीच माणसे बसलेली असतात ज्यांच्याविषयी हे गाणे आहे. ते कम्युनिस्ट होते, आपण समाजवादी; त्या काळी एकमेकांना नावे ठेवण्यात आपण कमतरता केली नाही. पण आज प्रांजळपणे म्हटले पाहिजे की, या बाबतीत त्यांनी आपल्यापेक्षा बरे काम केले.

आपले काय? आपल्याकडेही राष्ट्र सेवा दलाचे कलापथक होते. वसंत बापट, लीलाधर हेगडे यांच्यासारखी माणसे, निळू फुले, राम नगरकर यांच्यासारखे नट त्यातून घडले. त्याचा मला अभिमान आहे. साने गुरुजींनी आंतरभारतीचे स्वप्न दिले: प्रांतांनी एकमेकांच्या भाषा शिकाव्या, एकमेकांची गाणी गावी. आपण बंगाली गाणी शिकलो, तमिळ, पंजाबी, आसामी शिकलो. तरुणपणी मी ज्या पथकात होतो तिथे एक बंजारा नृत्यही बसवले होते. आरशांचे घागरे शिवून घेतले होते, हातभर बांगड्या आणल्या होत्या. नाचणाऱ्या मुलींत लमाण समाजाची एकही नव्हती, आणि गाण्याचे शब्द मराठी होते, आमच्यापैकीच एकाने जुळवलेले. प्रयोगानंतर मागच्या रांगेतून एक म्हातारी बाई रंगपटात आली. तिच्या अंगावर खरा घागरा होता. तिने एका मुलीच्या पदराचा आरसा चाचपून पाहिला, हसली आणि काही न बोलता गेली. त्या वेळी आम्हांला वाटले, तिला आवडले. आता मला तसे वाटत नाही. आंतरभारतीच्या नकाशात आम्ही प्रांतांच्या सीमा ओलांडल्या, पण गावकुसाची सीमा ओलांडली नाही. कोलकात्याची भाषा आम्हांला आपली वाटली, आणि गावाबाहेरच्या तांड्याची भाषा आम्हांला भाषाच वाटली नाही.

बंजारे स्वतःला 'गोर' म्हणतात आणि बाकीच्या आपल्या सर्वांना 'कोर'. रोमा आणि गाजो, गोर आणि कोर, जोडी तीच. गोरबोलीला स्वतःची लिपी नाही, घटनेच्या आठव्या अनुसूचीत ती नाही, आणि जनगणना तिची गणना हिंदीखाली करते. पण तिच्यात काय आहे ते पाहा. होळीला पुरुष डफावर फेर धरून लेंगी गातात. तीजेला कुमारिका टोपलीत गहू पेरून नऊ दिवस त्याला पाणी घालतात आणि रोज त्याची गाणी म्हणतात. लग्नात नवरीने म्हणायचे ढावलो नावाचे गाणे असते. ते रडणेच आहे, पण शिकून घेतलेले रडणे. लग्नाआधी वडीलधाऱ्या बायका ते तिला शिकवतात. एकेका नातलगाच्या गळ्यात पडून ती त्याला निरोप देते. हे गाणे स्टुडिओत नेऊन तबला-हार्मोनियमवर बसवणे अवघड नाही, तसे लोक बसवतातही. पण स्टुडिओत ती कुणाच्या गळ्यात पडणार? ज्याला निरोप द्यायचा तो समोर नसेल तर त्या चालीचा अर्धा अर्थ गेला. म्हणून या गाण्यांना संगीत देऊ नये असे मी म्हणत नाही. पापुशाच्या संगीतकारानेही दिलेच. मी एवढेच म्हणतो की, चाल लावण्यापूर्वी ते गाणे कशासाठी आहे हे विचारावे, आणि ते गाणाऱ्यालाच विचारावे.

तांड्यांत ढाडी नावाचे लोक असतात. पिढ्यानुपिढ्यांची वंशावळ गाऊन सांगणे हे त्यांचे काम. कोणत्या गोत्राचा कोण, कुणाचा मुलगा कोण, कुठून कुठे आले, हे सारे ते मुखोद्गत म्हणतात. येथे, दारात मला अडवणाऱ्या आपल्या मित्राच्या प्रश्नाचे उत्तर मिळते. आपल्या राज्यात विमुक्त जाती आणि भटक्या जमातींच्या दाखल्यासाठी २१ नोव्हेंबर १९६१ ही तारीख मानलेली आहे. त्या दिवशी किंवा त्याआधी आपला बाप, आजा महाराष्ट्रात राहत होता याचा कागद अर्जदाराने आणायचा. पालात राहणाऱ्याने! ज्याच्या आज्याला शाळेत घेतले नाही त्याने आज्याच्या शाळेचा दाखला आणायचा, ज्याला जमीन दिली नाही त्याने जुना सात-बारा आणायचा. ढाडी सात पिढ्या गाऊन दाखवील. तहसीलदार म्हणेल, गाणे पुराव्यात बसत नाही. कागद नसलेल्या माणसाची एकमेव नोंद त्याच्या गाण्यात असते, आणि आपले राज्य गाण्याला टाळ्या देते, दाखला देत नाही.

तेच भूसंपादनाचे. १८९४ च्या कायद्याने मोबदला हितसंबंध सिद्ध करू शकणाऱ्याला. म्हणजे प्रत्यक्षात सात-बारावर ज्याचे नाव त्याला. तो मोबदला किती आणि केव्हा, यावर या गावांनी काय भोगले ते तुम्ही मला सांगाल, मी तुम्हांला सांगणे नको. पण ज्याचे नाव कुठेच नव्हते, जो दर हिवाळ्यात त्याच पडीत रानात पाल ठोकत होता, त्याचे रान गेले तेव्हा नोटीससुद्धा निघाली नाही. २०१३ च्या नव्या कायद्याने जमिनीवर उपजीविका असणाऱ्यांनाही बाधित मानले; अट ही की आधीची तीन वर्षे तो त्या भागात काम करीत असला पाहिजे. ती तीन वर्षे फिरत्या माणसाने कशी दाखवायची?

इथून जवळच शिवमडक्याला समृद्धी महामार्ग सुरू होतो. ७०१ किलोमीटर, नागपूर ते मुंबई. त्याच मार्गावर अमरावती जिल्ह्यात नांदगाव खंडेश्वर तालुक्यात मंगरूळ चव्हाळा येथे मतीन भोसले या फासेपारधी तरुणाने भीक मागणारी पारध्यांची मुले गोळा करून शाळा काढली. नाव ठेवले 'प्रश्नचिन्ह'. २०१९ च्या जूनमध्ये महामार्गाच्या कामासाठी त्या शाळेच्या काही इमारती पाडण्यात आल्या. त्यांत ग्रंथालयही गेले. पापुशाने कोंबड्या देऊन अक्षरे विकत घेतली होती. या मुलांनी भीक सोडून अक्षरे घेतली. त्यांच्या पुस्तकांच्या खोलीवरून आता माल जातो. ज्या केंद्राकडे तो जातो त्याच्या अंगणात आपण बसलो आहोत.

या सगळ्यात गाण्याने काय होणार, असे कुणी म्हणेल. १९९८ च्या फेब्रुवारीत पश्चिम बंगालच्या पुरुलियात बुधन सबर पोलीस कोठडीत मारला गेला. महाश्वेता देवी त्यासाठी उच्च न्यायालयात गेल्या. त्याच वर्षी अहमदाबादच्या छारानगरातल्या छारा तरुणांनी त्याच्यावर नाटक केले आणि बुधन थिएटर उभे राहिले. त्या नाटकाने त्या तरुणांना, आणि पाहणाऱ्या अनेकांना, प्रथमच कळले की हे आपल्या एकट्यावर आलेले संकट नाही. आपल्याकडे लक्ष्मण माने यांच्या 'उपरा'ने १९८० मध्ये आणि लक्ष्मण गायकवाड यांच्या 'उचल्या'ने १९८७ मध्ये हेच केले. दोघांनाही साहित्य अकादमीने गौरवले. पण लक्षात घ्या, दोघांनाही आपले दुःख मराठीत अनुवादून सांगावे लागले. आई ज्या भाषेत रडली तिच्यात ते लिहिले असते तर छापणारा, वाचणारा मिळाला नसता. २०१३ मध्ये भारतीय भाषांच्या लोकसर्वेक्षणाचा महाराष्ट्राचा खंड निघाला, त्यात या बोलींची नोंद झाली. रेणके आयोगाने २००८ साली अहवाल दिला, पुढे इदाते आयोगही झाला. अहवाल आहेत. ते वाचणारे सरकार अजून यायचे आहे.

तेव्हा माझी सूचना साधी आहे, आणि ती ठराव करून मंजूर करण्यासारखी नाही, करून पाहण्यासारखी आहे. या परिसरात कामाला आलेल्या तांड्यांवर आणि पालांवर आपण जावे. जाताना हार्मोनियम नेऊ नये. दाखल्यांच्या अर्जांचे कोरे नमुने न्यावेत, आणि गोरबोली किंवा पारधी बोली येणारा एक तरी साथी न्यावा. या सभागृहात असे चारजण आहेत, मी मघाशी विचारले. ढाडी जी वंशावळ म्हणेल ती तिच्याच भाषेत ध्वनिमुद्रित करावी, नागरी लिपीत उतरावी, गाणाऱ्याचे नाव वर आणि आपले नाव कुठेच नाही अशी. तिच्यातली गावे आणि नावे काढून जुन्या कोतवाल बुकाशी, जन्म-मृत्यूच्या नोंदींशी ताडून पाहावीत. दहांत एखादी जुळली तरी एका घराचा अर्ज उभा राहील. आणि त्या गाण्याला पुढे कुणी चाल लावणार असेल, रंगमंचावर नेणार असेल, तर आधी ते त्या तांड्यावर ऐकवावे. ते नको म्हणाले तर नको. पापुशाला हे कुणी विचारले नव्हते.

मला कुणी विचारील, तांडा परक्याला गाणे देईल का? नाही देणार, निदान पहिल्या भेटीत नाही. त्यांचा अनुभव तसा आहे. दुसऱ्या भेटीत दाखल्याचा अर्ज कुठवर आला ते विचारतील. त्याचे उत्तर आपल्यापाशी असले पाहिजे, म्हणून तहसील कचेरीच्या खेपांची वाटणी आज इथेच करून उठू. होळीला अजून वेळ आहे. लेंगी ऐकायला त्या दिवशी बोलावणे आले तर जाऊ. न आले तर अर्जाचे काम चालू ठेवू. नावे देणाऱ्यांनी चहानंतर त्या कोपऱ्यातल्या टेबलाशी यावे.